खडीसाखर : तिचा इतिहास, तिची घडण आणि ऊस उत्पादकास तिची शिकवण

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. महाराष्ट्रातील बहुतेक देवस्थानांप्रमाणे येथेही भाविकाच्या ओंजळीत जो प्रसाद पडतो, त्यात खडीसाखरेचा खडा असतोच. लोण्याबरोबर खडीसाखर हा बाळकृष्णाचा नैवेद्य समजला जातो. पाहुण्याच्या हातावर बडीशेपेबरोबर खडीसाखर ठेवण्याची रीत आहे. घसा बसला असता घरातील वडीलधारी माणसे खडीसाखरेचाच तुकडा तोंडात धरावयास सांगतात. गंगाखेडच्या काळ्या जमिनीत आज उसाचे मळे उभे राहतात आणि तालुक्यात साखर कारखानाही आहे. असे असूनही खडीसाखर कशी बनते, तिचा खडा इतका स्वच्छ व टणक का असतो आणि उसाच्या शेतीशी तिचा काय संबंध आहे, याचा विचार ऊस उत्पादकाकडून क्वचितच होतो. तो विचार त्याच्या हिताचा आहे. कारण खडीसाखरेचा खडा बांधण्यास ज्या गोष्टी आड येतात, त्यांपैकी बहुतेक गोष्टी उसाच्या शेतातच जन्म घेतात.

नाव व पूर्वेतिहास

खडीसाखर हे नाव खडा या शब्दावरून आले आहे. हिंदी भाषेत हिला मिस्री अथवा मिश्री म्हणतात. मिस्र म्हणजे इजिप्त. त्या देशावरून हे नाव पडले असे मानतात. मराठी मुलखात मिश्री म्हटले की दातांस लावावयाची भाजलेल्या तंबाखूची पूड डोळ्यांपुढे येते, म्हणून या दोन शब्दांत घोटाळा होऊ नये. संस्कृतात खडीसाखरेस सितोपला असे नाव आहे. सिता म्हणजे पांढरी साखर व उपल म्हणजे दगड. तेव्हा मराठी व संस्कृत ही दोन्ही नावे एकच अर्थ सांगतात. वैद्यांचे प्रसिद्ध सितोपलादि चूर्ण या पदार्थाच्याच नावाने ओळखले जाते. चरकसंहितेत आलेल्या या योगात सोळा भाग खडीसाखर, आठ भाग वंशलोचन, चार भाग पिंपळी, दोन भाग वेलची व एक भाग दालचिनी असे प्रमाण आहे.

उसाच्या रसापासून घन पदार्थ बनविण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा असे पाच पदार्थ एकत्र सांगितलेले आहेत. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट रस. मत्स्यंडिका हे नाव माशाच्या अंड्यांसारख्या बारीक दाण्यांवरून पडले असावे. यावरून रस आटवून त्यातील दाणा वेगळा करण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या त्या काळीच लोकांस अवगत होत्या, हे स्पष्ट होते. उत्तर हिंदुस्थानात खांडसरीच्या धंद्यात दाणेदार राबेवर पाण्यातील शेवाळ पसरीत असत. शेवाळातून हळूहळू झिरपणारा ओलावा दाण्यांवरील मळी धुऊन खाली नेई व वरचा थर पांढरा होई. यंत्राशिवाय साखर शुद्ध करण्याची ही युक्ती कित्येक शतके चालू होती.

ही विद्या येथून बाहेर गेली. इ. स. ६४७ च्या सुमारास चीनचा सम्राट ताइ-त्सुंग याने साखर बनविण्याची रीत शिकून घेण्यासाठी आपली माणसे मगध देशात पाठविली होती, अशी नोंद चिनी इतिहासात आहे. पुढे चीनमध्ये खडीसाखरेचा स्वतंत्र धंदा वाढला. बाराव्या शतकात वांग च्वो नावाच्या लेखकाने या एकाच विषयावर ग्रंथ लिहिला. रस आटवून तो मडक्यात भरावयाचा, त्यात बांबूच्या कांबी सोडावयाच्या आणि कांबींवर खडे धरेपर्यंत मडक्यास हात लावावयाचा नाही, ही तेथील रीत होती. आपल्याकडील दोऱ्याच्या खडीसाखरेशी तिचे साम्य उघड आहे. पश्चिमेकडे संस्कृत खंड हा शब्द फारशी व अरबी भाषांत कंद झाला आणि तेथून युरोपात जाऊन इंग्रजीतील कँडी झाला. आज शहरातील मुले ज्यास कँडी म्हणतात, त्या शब्दाचे मूळ अशा रीतीने उसाच्या मळ्यातच आहे.

मराठी मुलखात मात्र शेतकऱ्याच्या घरचा नित्याचा गोड पदार्थ गूळ हाच होता. पांढरी साखर दुरून येई. मॉरिशस बेटातून येणाऱ्या साखरेस मोरस साखर असे नावच पडले होते. ही स्थिती विसाव्या शतकात पालटली. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले व तेथील सुधारित जाती देशभर पसरल्या. १९३२ साली देशातील साखर धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. मराठवाड्यात उसाचा विस्तार याहून उशिरा झाला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली व १९७६ साली ते पूर्ण झाले; त्यामुळे परभणी जिल्ह्याच्या गोदाखोऱ्यात कालव्याचे पाणी आले आणि ज्वारी-कापसाच्या प्रदेशात ऊस हे मोठे पीक होऊन बसले.

खडा कसा बांधतो

साखर, खडीसाखर व पिठीसाखर ही तिन्ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच वस्तू आहेत. त्यांतील मुख्य द्रव्य इक्षुशर्करा, म्हणजे सुक्रोज, हे होय. फरक आहे तो दाण्याच्या आकारात व तो वाढण्यास मिळालेल्या वेळात.

एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअस उष्णतामानास सुमारे २ किलो साखर विरघळते. तेच पाणी उकळत्या अवस्थेत जवळजवळ पावणेपाच ते पाच किलो साखर पोटात घेते. गरम पाण्यात भरपूर साखर विरघळवून तो पाक निववू लागल्यास जास्तीची साखर पाण्यात राहू शकत नाही व ती दाण्याच्या रूपाने बाहेर पडते. पाक घाईने निवविला किंवा ढवळला, तर एकाच वेळी असंख्य दाणे धरतात व सर्वच बारीक राहतात. तोच पाक सावकाश व न हलविता निवू दिल्यास थोडेच दाणे धरतात आणि बाहेर पडणारी साखर त्यांच्याच अंगावर थरावर थर चढवीत जाते. मोठा, सपाट बाजूंचा, काचेसारखा पारदर्शक खडा हा अशा संथ वाढीचा परिणाम आहे.

खडा वाढताना सुक्रोजचे कण एका ठराविक रचनेत बसत जातात व इतर द्रव्ये बहुतांशी बाहेर ढकलली जातात. म्हणूनच खडीसाखर स्वच्छ दिसते. तोंडात ती सावकाश विरघळते, याचे कारणही आकारातच आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाकार खड्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे दाणे केले, तर एकूण पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. खड्यास लाळेचा स्पर्श दाणेदार साखरेच्या एक दशांश पृष्ठभागावरच होतो, तेव्हा गोडी तोंडात बराच वेळ रेंगाळते. लाळ सुटत राहिल्यामुळे कोरड्या घशासही बरे वाटते. मुलांना आवडेल असा आणखी एक गुण तिच्यात आहे. गडद अंधारात डोळे सरावल्यावर खडीसाखरेचा मोठा खडा अडकित्त्याने फोडला, तर फुटताना क्षणभर फिकट निळसर प्रकाश दिसतो. युरोपात फ्रान्सिस बेकन याने सतराव्या शतकातच याची नोंद केली होती.

खडीसाखर अधिक शुद्ध दिसते म्हणून ती हवी तितकी खाल्ली तरी बाधत नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. मधुमेही माणसाने ती साखरेइतकीच वर्ज्य मानावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. २,००० उष्मांकांचा आहार घेणाऱ्या माणसास हे प्रमाण ५० ग्रॅमच्या आत येते. अगदी लहान मुलांच्या तोंडात टणक खडा देऊ नये, तो घशात अडकण्याची भीती असते.

घरगुती प्रमाणावर बनविण्याची रीत

एक लिटर पाणी उकळत ठेवून त्यात तीन किलो स्वच्छ पांढरी साखर थोडी थोडी घालून पूर्ण विरघळवावी. पाकात दोन-तीन चमचे दूध घातल्यास मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकावी. पाक जाड स्वच्छ फडक्यातून गाळून उंच काचेच्या अथवा स्टीलच्या भांड्यात ओतावा. बिनरंगाचा सुती दोरा अगोदर पाकात भिजवून, साखरेत घोळवून व पूर्ण वाळवून ठेवावा. त्यावर चिकटलेले दाणे हेच पुढे खड्याचे बीज होतात. पाक कोमट झाल्यावर हा दोरा आडव्या काडीस बांधून पाकात लोंबता सोडावा. तो तळास वा कडेस टेकता कामा नये. भांड्यावर फडके बांधावे, भोवती गोणपाट गुंडाळावे आणि आठ-दहा दिवस भांडे हलवू नये. पृष्ठभागावर पापुद्रा धरल्यास तो अलगद काढावा. खडे पुरेसे वाढल्यावर दोरा बाहेर काढून थंड पाण्यातून झटकन एकवार बुडवून घ्यावा, पाक निथळू द्यावा व सावलीत वाळवावा.

या रीतीने किती माल मिळतो, याचा हिशेब आधीच समजून घ्यावा. ३० अंश उष्णतामानास एक लिटर पाणी सुमारे २ किलो २०० ग्रॅम साखर धरून ठेवते. तेव्हा तीन किलोंपैकी फार तर ८०० ग्रॅमच्या आसपास साखर खड्यांच्या रूपाने सुटते व बाकीची पाकात राहते. तो पाक पुन्हा साखर घालून उकळता येतो. परंतु प्रत्येक उकळीबरोबर त्याची खडे बांधण्याची शक्ती कमी होत जाते. शेवटी राहिलेला पाक सरबतास अथवा मिठाईस वापरावा लागतो. महिला बचत गटांनी हा जोडधंदा हाती घेण्यापूर्वी इंधन, उरलेल्या पाकाची विल्हेवाट व स्थानिक मागणी यांचा विचार करून एका भांड्यापासून आरंभ करावा. विक्रीसाठी माल बनवावयाचा असल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घेणे आवश्यक आहे.

खडा न बांधण्याची कारणे

गुलाबजामाच्या पाकात हलवाई लिंबाचे दोन थेंब पिळतो, ते पाकात दाणा धरू नये म्हणून. आंबटपणा व उष्णता यांच्या योगाने सुक्रोजचे विघटन होऊन द्राक्षशर्करा व फलशर्करा या दोन साध्या शर्करा तयार होतात. त्या गोड असल्या, तरी सुक्रोजचा दाणा बांधण्यास त्या अडथळा करतात. पुनःपुन्हा उकळलेला पाक निकामी होतो तो याच कारणाने. गुऱ्हाळात रसास चुन्याची निवळी देतात, तीही रसातील आंबटपणा मारण्यासाठीच.

हाच नियम उसाला लागू आहे. कोवळ्या उसात व पक्व उसाच्या शेंड्याकडील कांड्यांत साध्या शर्करांचे प्रमाण अधिक असते. ऊस पक्व होत जातो तसतसे त्यांचे सुक्रोज होऊन ते कांड्यांत साठते. ऊस तोडल्यानंतर हीच क्रिया उलट दिशेने सुरू होते. तोडलेल्या उसातील पाणी उडून वजन घटते. शिवाय त्यातील विकरे व जखमेतून शिरलेले जंतू सुक्रोजचे विघटन करू लागतात. उन्हाळ्यात ही हानी झपाट्याने होते आणि जळालेल्या उसात ती आणखी वाढते. चोपण वा क्षारपड जमिनीतील उसाच्या रसात क्षार अधिक उतरतात. ते क्षार साखरेस मळीत अडकवून ठेवतात व तिचा दाणा पडू देत नाहीत. कारखान्यातील मोठे कढईयंत्र असो वा घरातील काचेचे भांडे असो, रसात जी साखर मुळातच नाही ती कोणत्याही युक्तीने निर्माण करता येत नाही. साखर शेतात तयार होते. कारखाना ती फक्त वेगळी काढतो.

ऊस उत्पादकाने घ्यावयाची काळजी

१. जातीच्या पक्वतेच्या काळाप्रमाणे तोडणीचा क्रम लावावा. हातातील ब्रिक्समापकाने शेंड्याकडील व बुडख्याकडील रसाची तपासणी करावी. दोन्हीकडील आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे ऊस पक्व झाला असे समजावे.

२. नत्र खताचे सर्व हप्ते मोठ्या बांधणीपर्यंत पुरे करावेत. उशिरा दिलेल्या नत्राने पाला हिरवागार दिसतो, परंतु पक्वता लांबते व साखर घटते.

३. तोडणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. मात्र हलक्या जमिनीत पीक वाळू लागेल इतका ताण देऊ नये.

४. ऊस जमिनीलगत तोडावा, कारण सर्वांत अधिक साखर बुडख्यात असते. शेंडा, पाला, मुळ्या व कोवळे कोंब मोळीत जाऊ देऊ नयेत.

५. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळपास जावा. वाहन ठरल्याशिवाय तोड घेऊ नये. थांबावेच लागल्यास मोळ्या सावलीत ठेवून पाचटाने झाकाव्यात.

६. पाचट जाळू नये. खोडव्यात ते सरीत पसरल्यास ओल टिकते व जमिनीस सेंद्रिय खत मिळते.

या सूचनांमागे पैशाचाही प्रश्न आहे. २००९ पासून उसाचा किमान दर रास्त व किफायतशीर दर या पद्धतीने ठरतो आणि तो कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. काट्यावर एकाचा ताजा ऊस व दुसऱ्याचा शिळा ऊस वजनानेच मोजला जातो. उतारा मात्र सर्वांचा एकत्र निघतो. एकाच्या उसातील घट अशा रीतीने सर्वांच्या पदरात पडते. गंगाखेडच्या डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे दर हंगामास कोयता घेऊन ऊसतोडीस बाहेरगावी जातात. त्यांनी पहाटेच्या थंडीत तोडलेला ऊस नियोजनाअभावी दोन-दोन दिवस उन्हात वाळत पडावा, यात त्यांच्या श्रमांचाही अपव्यय आहे.

पाण्याचा हिशेब

मराठवाड्यात सर्वांत महत्त्वाचा हिशेब पाण्याचा आहे. सुरू हंगामाच्या उसास प्रवाही पद्धतीने हेक्टरी सुमारे २५० हेक्टर सेंटिमीटर, म्हणजे २५,००० घनमीटर पाणी लागते. हेक्टरी १०० टन ऊस व ११ टक्के उतारा असे चांगले पीक धरले, तर ११ टन साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेमागे सुमारे २,२७० लिटर पाणी खर्ची पडले. मळी व चिपाड ही जोडउत्पादने यातूनच मिळतात हे खरे. तरीही खडीसाखरेच्या ५० ग्रॅमच्या पुडीमागे शंभर लिटरहून अधिक पाणी असते, हे विसरता येत नाही. उत्पादन ६० टनांवर व उतारा १० टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच पाण्यात केवळ ६ टन साखर मिळते आणि किलोमागील पाणी ४,००० लिटरांच्या वर जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूर शहरास रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. ज्या प्रदेशाने असे दिवस पाहिले, त्या प्रदेशात शिळ्या उसातून वाया गेलेली साखर म्हणजे वाया गेलेले पाणीच होय.

ठिबक सिंचनाने उसाच्या पाण्यात ४० ते ५० टक्क्यांपर्यंत बचत होते व जमीन क्षारपड होण्याचा धोकाही टळतो. ज्या शेतकऱ्याकडे उन्हाळाभर पुरेल इतके खात्रीचे पाणी नाही, त्याने उसाखालील क्षेत्र मर्यादित ठेवून उरलेल्या जमिनीत सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी यांसारखी कमी पाण्याची पिके घ्यावीत. थोडे क्षेत्र, पक्व ऊस, स्वच्छ मोळी व वेळेवर गाळप ही चार सूत्रे पाळल्यास त्याच पाण्यात अधिक साखर हाती येईल.

खडीसाखर बनविणारा कारागीर पाक स्वच्छ करतो, बीज नीट निवडतो व खडा पुरा होईपर्यंत भांड्यास हात लावीत नाही. ऊस उत्पादकाने हीच शिस्त बेण्याच्या निवडीपासून तोडणीपर्यंत पाळावी. तालुक्यातील प्रत्येक ऊस उत्पादक गावाने येत्या हंगामापूर्वी आपल्या उसाची लागवडीच्या तारखांप्रमाणे यादी करून पक्वतेच्या क्रमाने तोडणीचा कार्यक्रम आखावा व त्यासाठी कृषी सहायकाचे साहाय्य घ्यावे.